क्रमांक ३००१२८ : लघुग्रहांच्या नावांमागचा इतिहास

पंडित जसराज यांचा जन्म २८ जानेवारी १९३० चा. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या एका लघुग्रहाचा क्रमांक आहे ३००१२८. साल, महिना, दिवस असा वाचला की पंडितजींची जन्मतारीख उमटते. २०१९ मध्ये त्याला 'पंडितजसराज' हे नाव मिळालं, तेव्हा पंडितजी ८९ वर्षांचे होते. हयातीत असा मान मिळावा, याचा मला आजही मनापासून आनंद वाटतो.

असा योग जुळवता येतो, कारण लघुग्रहाला क्रमांक आधी पडतो आणि नाव नंतर मिळतं. हा लघुग्रह ११ नोव्हेंबर २००६ ला अ‍ॅरिझोनातून सापडला. तेव्हा त्याची नोंद '२००६ व्हीपी ३२' अशी झाली. वर्षाचे २४ पंधरवडे पाडून प्रत्येकाला एक रोमन अक्षर दिलेलं असतं. व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. पुढचं अक्षर अनुक्रमाचं. १ या आकड्याशी गल्लत होऊ नये म्हणून 'आय' वगळून २५ अक्षरं वापरतात. ती ३२ वेळा संपली आणि पुढच्या फेरीत 'पी' आला, म्हणजे त्या पंधरवड्यातली ही ८१५ वी नोंद. पुढे बरीच निरीक्षणं होऊन कक्षा पक्की झाली की कायमचा क्रमांक मिळतो, आणि मगच नाव सुचवता येतं.

सुरुवातीला हे असं नव्हतं. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोहून ज्युसेप्पे पियाझ्झी यांना पहिला लघुग्रह दिसला (आज तो बटुग्रहांत गणला जातो). त्यांनी नाव ठेवलं 'सेरेस फर्डिनांडिआ'. सेरेस ही धान्याची रोमन देवी, फर्डिनांड हा सिसिलीचा राजा. राजाचं नाव बाहेरच्या ज्योतिर्विदांनी चालू दिलं नाही. देवी तेवढी टिकली. पॅलास, जुनो, व्हेस्टा याही देवीच. १८५० मध्ये इंग्लंडच्या जॉन हाइंड यांनी 'व्हिक्टोरिया' नाव दिलं, तेव्हा राणीचं नाव आकाशात नको म्हणून आक्षेप आला. ही विजयाची रोमन देवी आहे, असं उत्तर मिळालं. १८५७ च्या 'युजेनिया'ला मात्र असा आडोसा नव्हता. ते उघडपणे फ्रान्सच्या सम्राज्ञीचं नाव. पुढच्याच वर्षी शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांचा सन्मान झाला, तोही 'अलेक्झांड्रा' असं स्त्रीलिंगी रूप करून!

भारताचा संबंध तेव्हापासूनचा आहे. १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉगसन यांनी ६७ वा लघुग्रह शोधला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिलाच, म्हणून नाव 'एशिया'. १९८८ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूतल्या कावलूरहून आर. राजमोहन यांनी शोधलेल्या ४१३० क्रमांकाच्या लघुग्रहाला गणिती रामानुजन यांचं नाव आहे.

नाव विकलं गेल्याचंही उदाहरण आहे. ऑस्ट्रियाच्या योहान पालिसा यांनी सूर्यग्रहणाच्या मोहिमेसाठी पैसे उभे करायला १८८५ मध्ये एका लघुग्रहाच्या नावाचा हक्क ५० पौंडांना देऊ केला. बॅरन आल्बर्ट रोथशिल्ड यांनी तो घेतला आणि पत्नीचं नाव दिलं, 'बेट्टिना'. आज हे चालत नाही. पैसे घेऊन आकाशातल्या नावाचं प्रमाणपत्र देणाऱ्यांपासून सावध राहावं. नाव सुचवण्याचा पहिला हक्क शोधकर्त्याचा, तो दहा वर्षं टिकतो. मंजुरी आंतरराष्ट्रीय खगोल संघाची समिती देते. नाव रोमन लिपीत १६ अक्षरांपर्यंत, शक्यतो एकाच शब्दाचं. 'पंडितजसराज' जोडून लिहितात ते त्यामुळेच. राजकीय आणि लष्करी व्यक्तींना मृत्यूनंतर १०० वर्षं थांबावं लागतं. हा नियम मला फार योग्य वाटतो.

कलावंत, शास्त्रज्ञ, खेळाडू यांना ती अट नाही. विश्वनाथन आनंद यांच्या नावाचा लघुग्रह आहे, क्रमांक ४५३८. आणि १ फेब्रुवारी २००३ ला 'कोलंबिया' यान कोसळल्यानंतर त्यातल्या सातही अंतराळवीरांना सलग सात क्रमांक दिले गेले, ५१८२३ ते ५१८२९. त्यांतला मधला, ५१८२६, कल्पना चावला यांचा.