अँटिबायोटिक वेगळं, चिकनवरचा अँटिमायक्रोबियल वॉश वेगळा

कोंबड्या कापून साफ करणाऱ्या प्लांटमध्ये जंतू मारायला चिकन पेरासेटिक ॲसिडच्या नाहीतर क्लोरीनच्या पाण्यात बुडवतात असं कोणी सांगितलं की लगेच उत्तर येतं, "म्हणूनच आम्ही अँटिबायोटिक-फ्री घेतो." अहो, त्याचा याच्याशी संबंधच नाही! ते लेबल वॉशबद्दल चकार शब्द बोलत नाही.

अँटिबायोटिक तर सगळ्यांना माहितीये. जिवंत कोंबडीला खाद्यातून, पाण्यातून देतात, अंगात भिनतं, म्हणून कत्तलीआधी ठराविक दिवस बंद ठेवावं लागतं. नुसतं वजन वाढवायला देणं युरोपियन युनियनने २००६ पासून बंद केलं, छान केलं. वॉश असतो मेलेल्या कोंबडीवर, पिसं-आतडी काढल्यानंतर, तोही वरवरचा.

आता खरी गफलत. लोकांना वाटतं की पक्षी ठणठणीत होता, औषध लागलंच नाही, म्हणजे मांसही स्वच्छ. तसं नसतं हो. सॅल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू कोंबडीच्या आतड्यात आरामात राहतात आणि बहुतेक वेळा तिला आजारी पाडतच नाहीत, आजारी पडतो तो खाणारा. पुढे प्लांटमध्ये एकाच गरम पाण्याच्या टाकीतून पक्ष्यामागून पक्षी जातात, पिसं उपटणाऱ्या मशीनची रबरी बोटं एकीवरून दुसरीवर फिरतात, आतडी काढताना एखादं फाटलं की घाण थेट कातडीवर, आणि यात अँटिबायोटिक-फ्री कोंबडीला कुठलीही सूट नाही. वॉश आहे तो या घाणीसाठी.

रेझिस्टन्सची, म्हणजे जंतू औषधाला दाद देईनासे होण्याची, भीतीसुद्धा सरसकट दोघांना चिकटवतात, ते मला अजिबात पटत नाही. अँटिबायोटिक बहुधा जंतूच्या एखाद्या ठराविक भागावर नेम धरतं, तो भाग बदलला की औषध वाया, आणि तेच औषध उद्या माणसाला लागणार असतं. पेरासेटिक ॲसिड जंतूचं आवरण, आतली प्रथिनं, जे सापडेल ते ऑक्सिडाइझ करतं, ते काही कुणाला गोळी म्हणून द्यायचं नसतं, आणि शेवटी त्याचं ॲसिटिक ॲसिड, पाणी आणि ऑक्सिजन होतं. क्लोरीनपेक्षा मला हेच बरं वाटतं, कारण क्लोरीन पाण्यातल्या रक्त-चरबीवरच खर्ची पडतं आणि पीएच वाढला की आणखी ढिलं.

युरोपात १९९७ पासून कोंबडीवर असले वॉश चालत नाहीत, अमेरिकेत चालतात. युरोपचा मोठा आक्षेप असा की शेवटी वॉश आहेच म्हटल्यावर फार्मवरची आणि कत्तलीतली स्वच्छता कोण पाळणार? हा आक्षेप मात्र रास्त आहे.

आणि वॉशने चिकन निर्जंतुक होत नाही, प्लीज! एक लॉग कमी म्हणजे दहातले नऊ गेले, दोन लॉग म्हणजे शंभरातले नव्याण्णव, म्हणजे एक लाख असतील तर हजार उरलेच, वर पिसांच्या मुळाशी आणि कातडीच्या घड्यांत लपलेल्यांपर्यंत पाणी नीट पोचत नाही. म्हणून घरी सिंकमध्ये व्हिनेगर ओतून धूत बसू नका, त्याने प्लांटमधल्या वॉशचं काम होत नाही, उलट शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या सॅलडवर उडतात. सरळ भांड्यात टाका आणि सगळ्यात जाड तुकडा आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोचू द्या.