वाफसा आला की अंगण आवरायचं

नवरात्राच्या आगेमागे इंदूरवरून पाऊस काढता पाय घेतो आणि आमच्या लोकमान्य नगरच्या अंगणात गुडघाभर रान उरतं. केना, तरोटा, हराळी, कुंपणाच्या कडेला गाजर गवत. थंड देशांत या दिवसांत बाग मिटायची तयारी चालते, कारण पुढे बर्फ असतो. आपली पानगळ शिशिरातली. शरदात मालव्यातली बाग उघडायची असते, मेथी, पालक, मुळा, वाटाणा पेरायला.

पण दसऱ्याची सुट्टी मिळाली म्हणून लगेच कुदळ उचलू नये. इथली काळी माती म्हणजे पापुद्र्यांसारखे अतिसूक्ष्म चिकण कण. पावसात पाणी त्या पापुद्र्यांमध्ये शिरतं आणि माती फुगते, उन्हात आकसते आणि भेगाळते. ओली असताना खणली तर आतल्या पोकळ्या चेपून जातात आणि आठवड्याभरात विटेसारखी ढेकळं होतात. फारच वाळली तर कुदळच उडते. या दोन्हींच्या मधल्या मोजक्या दिवसांना आपल्या शेतकऱ्यांनी फार नेमका शब्द दिलाय, वाफसा. मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निथळून तिथे हवा आलेली असते, बारीक पोकळ्यांत ओल टिकलेली असते. मुळांना दोन्ही हवं. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. चपटा होऊन पडला तर थांबा; भुगा होऊन विखुरला तर त्याच दिवशी कामाला लागा.

आता उपटलेल्या तणाचं काय? ते जाळणं किंवा कचरागाडीत टाकणं मला सहन होत नाही, आणि इंदूरात तर मुळीच नाही. पालापाचोळ्याचं शास्त्रशुद्ध खत करण्याची जगभर गाजलेली ‘इंदूर पद्धत’ याच शहरात आकाराला आली. 1924 ते 1931 या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथल्या वनस्पती संशोधन संस्थेचे प्रमुख होते. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. या कामात त्यांचे सहकारी होते यशवंत वाड, आणि हे नाव आपल्या मराठी घरांतही क्वचितच निघतं, याची मला खंत वाटते.

काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, तीनदा उलथायचे, की साधारण तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं म्हणून ढीग जमिनीवर रचायचा. राख मी वगळते. आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी असते.

यातलं खरं गणित कर्ब आणि नत्राचं, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनचं आहे. जिवाणूंना एक भाग नत्रामागे साधारण तीस भाग कर्ब लागतो. हिरव्या तणात नत्र जास्त, वाळक्या पानांत कर्ब. पहिल्या वर्षी मी नुसतं ओलं तण रचलं, आणि नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास शेजारच्या काकूंपर्यंत गेला. जास्तीचं नत्र उडून चाललं होतं. तेव्हापासून आंब्या-अशोकाची वाळकी पानं पोत्यांत भरून ठेवते. एक थर तणाचा, दोन पानांचे, वर शेणकाला.

ढीग कंबरभर उंच आणि तेवढाच रुंद हवा, लहान ढिगाची ऊब टिकत नाही. चार-पाच दिवसांनी मधोमध लोखंडी सळई खुपसते. दहा मिनिटांनी काढली की टोक हातात धरवत नाही. आत साठ अंशांच्या घरात तापमान गेलेलं असतं, उष्णताप्रेमी जिवाणूंच्या श्वसनाने. बहुतेक तणांच्या बिया त्यात मरतात. तरी ढिगाची कड थंडच राहते, म्हणून फुलावर आलेलं गाजर गवत मी घालत नाही. एका झाडाला हजारो बिया, आणि अंगाला खाज. उपटताना हातमोजे हवेतच. ढीग गार पडला की आत हवा संपली असं समजून उलथायचा, कडेचं आत आणि आतलं कडेला.

ऑक्टोबरात रचलेला ढीग संक्रांतीच्या सुमारास उघडते. पहिल्या सरीनंतर येतो तोच मातीचा वास येतो, मातीतल्या सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या जिओस्मिनचा. चाळलेलं खत फेब्रुवारीतल्या भेंडी-गवारीच्या वाफ्याला जातं. चाळणीवर राहतात आंब्याच्या पानांच्या शिरा आणि काड्या, त्या पुढच्या ढिगाच्या तळाशी घालते. तिथे त्या हवा खेळती ठेवतात आणि विरजणाचंही काम करतात.