ऊर्ध्व अर्धवर्तुळाकार नलिकेची विवृती

ऊर्ध्व अर्धवर्तुळाकार नलिकेची विवृती : आंतरकर्णातील तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांपैकी सर्वांत वरच्या नलिकेवरील अस्थिकवच अंशतः नसल्याने (म्हणजे तेथे विवृती, अर्थात उघडे छिद्र असल्याने) उद्भवणारा विरळा विकार. कानाला दीर्घकाळ दडे बसल्याची तक्रार बहुधा मळ, सर्दी किंवा कंठकर्णनलिकेचा (घसा व मध्यकर्ण जोडणाऱ्या नळीचा) अवरोध यांमुळे असते. या विकारात मात्र कर्णपटल निरोगी दिसते, गिळल्याने दडा सुटत नाही आणि नाक चिमटीत धरून फुंकल्यास उलट चक्कर येऊ शकते.

आंतरकर्णातील द्रवाला सामान्यतः अंडाकृती व गोल अशी दोनच लवचिक गवाक्षे असतात. विवृतीमुळे तिसरे गवाक्ष तयार होऊन ध्वनीची काही ऊर्जा नलिकेकडे वळते. म्हणून मोठ्या आवाजाने तोल जातो व डोळे त्या नलिकेच्या प्रतलात हलतात. स्वतःचा आवाज, नाडीचे ठोके, क्वचित बुबुळांची हालचालही कानात ऐकू येते. इटालियन शास्त्रज्ञ प्येत्रो तुल्यो यांनी कबुतरांच्या नलिकांना छिद्रे पाडून ध्वनीने होणाऱ्या अशा हालचाली 1929 मध्ये वर्णिल्या होत्या. परंतु माणसातील स्वतंत्र विकार म्हणून त्याची ओळख अमेरिकन कर्णतज्ज्ञ लॉइड मायनर व त्यांच्या बॉल्टिमोर येथील सहकाऱ्यांनी 1998 मध्ये पटवून दिली.

विवृतीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. 1000 शंखास्थींच्या (कान सामावणाऱ्या कवटीच्या हाडांच्या) सूक्ष्मदर्शकीय पाहणीत, जिचे निष्कर्ष 2000 मध्ये प्रसिद्ध झाले, 5 अस्थींत (0.5 टक्के) पूर्ण विवृती आणि आणखी 14 अस्थींत 0.1 मिमी. किंवा त्याहून पातळ कवच आढळले. अर्भकांत हे कवच पातळच असते व सुमारे तिसऱ्या वर्षापर्यंत जाड होते. पातळपणा बहुधा दोन्ही कानांत दिसत असल्याने वाढीतील उणीव हे मूळ कारण मानण्याकडे कल आहे. तथापि लक्षणे बहुधा प्रौढ वयात सुरू होतात, त्यामुळे डोक्याला मार किंवा दाबातील अचानक बदल यांसारखा दुसरा आघात त्या पातळ थराला भेदत असावा, अशी पुरवणी या मताला जोडली जाते. वयोमानानुसार अस्थी झिजते, हे पर्यायी मत प्रामुख्याने क्षकिरण चित्रणावर आधारलेले आहे. मात्र अत्यंत पातळ हाड चित्रणात नसल्यासारखे दिसू शकते, ही त्याची मर्यादा होय.

याच कारणाने केवळ सीटी स्कॅनवरून निदान करीत नाहीत. श्रवणालेखात कमी वारंवारतेच्या ध्वनींसाठी वायुवहन (हवेतून कानाच्या छिद्रावाटे ऐकणे) घटलेले, तर अस्थिवहन (कवटीच्या हाडातून ऐकणे) प्रसंगी सामान्याहून चांगले असते. असा आलेख कर्णास्थिकाठिण्यातही (मध्यकर्णातील रिकीब-अस्थी हे लहान हाड जखडण्याच्या विकारातही) येत असल्याने पूर्वी काही रुग्णांवर रिकीब-अस्थीची शस्त्रक्रिया होऊनही गुण आला नाही; विवृतीत रिकीब-स्नायूचा प्रतिक्षेप (मोठ्या आवाजाने होणारे आपोआप आकुंचन) टिकून राहतो, हा भेद महत्त्वाचा आहे. ध्वनीने मानेच्या किंवा डोळ्यांच्या स्नायूंत उमटणारे विद्युत् प्रतिसादही तपासतात. तोलाच्या विकारांवर काम करणाऱ्या बाराणी सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेले निकष लक्षणे, चाचणी आणि चित्रण या तिन्हींचा मेळ मागतात.

सौम्य लक्षणांत मोठा आवाज व जोर लावणे टाळले जाते. त्रास असह्य असल्यास कवटीच्या मध्य खातातून (तळाच्या मधल्या खोलगट भागातून) किंवा कानामागील अस्थीतून नलिका बुजवतात. श्रवण घटण्याचा धोका त्यात असतो.