बूस्टर लावला म्हणजे रेंज वाढते?

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजार ऐन भरात आला की एक तक्रार हमखास कानी पडते. फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, पण व्हिडिओ काही जात नाही. ‘टॉवरची पॉवर वाढवायला पाहिजे भो!’ असं कुणीतरी म्हणतंच. काड्या फक्त टॉवरचा सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात. त्या टॉवरवर किती जण ताटकळलेत, ते त्यात दिसत नाही.

पॉवर वाढवली की काम झालं, या समजापायी लोक गच्चीवर विनापरवाना बूस्टर, म्हणजे सिग्नल फुगवणारं यंत्र, बसवतात. तो बेकायदेशीर आहेच, शिवाय भुर्दंड शेजाऱ्यांना पडतो. कसा, ते ‘गेम थिअरी’, म्हणजे प्रत्येक जण आपल्या फायद्याची चाल खेळला तर काय होतं याचं गणित, फार सुंदर दाखवते.

थ्री-जीचं उदाहरण घेऊ. तिथे सगळे फोन एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर टॉवरशी बोलतात. तुमचं बोलणं टॉवरला किती स्पष्ट कळेल, हे एका गुणोत्तरावर ठरतं: तुमचा सिग्नल भागिले इतरांचे सिग्नल अधिक मूळचा गोंगाट. समजा दोनच फोन आहेत, दोघांचे सिग्नल १० आणि गोंगाट १. दोघांनाही १० भागिले ११, म्हणजे ०.९१ मिळतात. आता एकाने पॉवर दुप्पट केली. त्याचे झाले १.८२, दुसऱ्याचे घसरून ०.४८. दुसरा गप्प कशाला बसेल? तोही २० वर जातो आणि दोघेही ०.९५ वर येतात. असं करत दोघे १०० वर, म्हणजे समजा फोनच्या कमाल मर्यादेवर गेले, तरी हाती ०.९९. पॉवर दहापट, फायदा नावाला, बॅटरी मात्र रिकामी.

आता एकट्याने माघार घ्यावी, तर त्याचंच नुकसान. एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही, अशा स्थितीला ‘नॅश समतोल’ म्हणतात. जॉन नॅश यांनी तो १९५० मध्ये मांडला आणि १९९४ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. समतोल म्हणजे सगळ्यांचं भलं, असं मुळीच नाही.

यावर सरायदार, मंडयम आणि गुडमन या संशोधकांनी २००२ च्या शोधनिबंधात एक उपाय मांडला: पॉवरच्या प्रत्येक एककाला किंमत लावा. पैशात नाही; फोनच्या हिशेबात वजा होणारा एक आकडा. मग प्रत्येक जण स्वार्थच बघतो, तरी समतोल कमी पॉवरवर येतो आणि दर जूल ऊर्जेमागे आधीपेक्षा जास्त माहिती पोचते.

प्रत्यक्ष थ्री-जीत लगाम टॉवरच्या हातात असतो. ‘वाढव’, ‘कमी कर’ असा हुकूम तो प्रत्येक फोनला सेकंदाला १५०० वेळा देतो. बूस्टर इथेच घोळ घालतो. तो सिग्नलबरोबर गोंगाटही फुगवून टॉवरकडे फेकतो. मग टॉवर बाकीच्यांना पॉवर वाढवायला लावतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, टॉवरच्या टोकाला असलेला फोन आधीच कमाल पॉवरवर असतो. त्याचा कॉल तुटतो.

फोनमागे चिकटवायच्या सोनेरी ‘अँटेना’ स्टिकरचं तर नावच नको. ते कशाला जोडलेलं नसतं, सिग्नल वाढवणार कुठून?

फोर-जीत एका टॉवरखालच्या फोनना वेळेचे आणि फ्रिक्वेन्सीचे वेगळे तुकडे वाटून दिलेले असतात. त्यामुळे आपसातली ही झुंज बरीच मिटते, शेजारच्या टॉवरशी मात्र चालूच राहते.