काँक्रीटमधील ॲल्युमिनियमचे क्षरणरक्षण

रेलिंगचे खांब, खिडक्यांच्या चौकटी, वायरिंगचे पाइप असे ॲल्युमिनियमचे भाग काँक्रीटमध्ये किंवा गिलाव्यात बसवताना त्यांची झीज आणि भोवतालच्या काँक्रीटला जाणारे तडे टाळण्याची उपाययोजना. वाशी, ऐरोली, कोपरी अशा ठाणे खाडीलगतच्या भागांत, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे, तिच्यात हयगय करून चालत नाही.

ॲल्युमिनियमवर आपोआप चढणारा ऑक्साइडचा पातळ थर साधारण ४ ते ८.५ पीएचमध्ये (पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप) टिकतो. ओल्या काँक्रीटचा पीएच १२.५ च्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. त्यात हा थर विरघळतो आणि हायड्रोजन सुटतो. एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) फुगवायला ॲल्युमिनियमची पूड घालतात ती याच क्रियेसाठी. काँक्रीट घट्ट होऊन वाळले की हा हल्ला बहुधा मंदावतो. खरा, वर्षानुवर्षे चालणारा धोका मिठातल्या क्लोराइडचा आणि सळईशी होणाऱ्या स्पर्शाचा. ओल, मीठ आणि दोन धातू एकत्र आले की विद्युतघट तयार होतो व त्यात ॲल्युमिनियम झिजते. झिजेतून बनणारा पदार्थ मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट फोडतो.

उपाय काँक्रीट ओतण्यापूर्वीच करावे लागतात. गाडला जाणारा भाग बिटुमेन किंवा इपॉक्सीच्या अखंड लेपाने झाकतात. नुसते ॲनोडायझिंग (विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर जाड करणे) पुरत नाही, कारण तो थरही अल्कलीत विरघळतो. सळई आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉन किंवा रबराचा अडसर हवा. लेपावर ओरखडा राहिला तर सारी झीज त्या एका जागी एकवटते, म्हणून लेप तपासल्याशिवाय काम पुढे नेऊ नये. कॅल्शियम क्लोराइड असलेली मिश्रके (काँक्रीटमध्ये मिसळायची रसायने) आणि खाडीकाठच्या बोअरवेलचे खारे पाणी वर्ज्य. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार धातू गाडलेल्या साध्या वा सळईच्या काँक्रीटमध्ये क्लोराइडची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो आहे. खिडकीची चौकट शक्यतो गिलावा झाल्यावर बसवावी. आधी बसवलीच तर टेप लावून झाकावी, शिंतोडे लगेच पुसावेत.

बाल्कनीच्या रेलिंगचा पाया सर्वांत नाजूक, कारण तिथे माणसांचा जीव टेकलेला असतो. खांबाच्या बुडाशी पांढरी पूड किंवा तडा दिसला तर वरून सिमेंट भरणे धोक्याचे: झीज आत चालूच राहते आणि खूण मात्र झाकली जाते. काँक्रीट फोडून खांब तपासावा, खराब असल्यास बदलावा.