वर्दी गावाची, बंब शहराचा

९ जुलै २०२५ च्या सकाळी मही नदीवरच्या गंभीरा पुलाचा भाग कोसळला आणि वाहनं खाली गेली, तेव्हा सगळ्यांत आधी पाण्यात उतरले ते गुजरातच्या बडोदा जिल्ह्यातल्या पादरा तालुक्यातले मुजपूरकडचे गावकरी. बंब, बोटी आणि प्रशिक्षित पथकं मागून आली. मागून आली यात त्यांचा दोष नाही, अंतरच तेवढं आहे. पण आधी पोचणाऱ्या माणसांना आपला कायदा काय समजतो, हे पाहायला हवं. कायदा त्यांना 'मदत करणारे' समजतो. गेल्या शंभर वर्षांत कायदे बदलले, सरकारं बदलली, राज्याची हद्दसुद्धा बदलली, तरी हे एक क्रियापद बदललेलं नाही.

संस्थानी काळाबद्दल फार लिहीत नाही. आजव्याच्या तलावाचं पाणी १८९२ मध्ये बडोद्यात नळाने आलं आणि शहराच्या आगीला पहिल्यांदा हुकमी पाणी मिळालं. गावाला तेव्हाही तळं, विहीर आणि हातोहात सरकणाऱ्या घागरी एवढंच होतं. शब्दांचा प्रवास मात्र सांगण्यासारखा आहे. मराठीतला 'बंब' हा पोर्तुगीज 'बोंबा'चा, म्हणजे पंपाचा अवतार. बडोद्यातल्या दांडिया बाजाराच्या मराठी घरांत अजून 'बंब आला' असंच म्हणतात, आणि शेजारचं गुजराती घर त्याच माणसांना 'लाश्कर' म्हणतं. दोन्ही शब्द शहरी आहेत. खळ्यावरची गंजी पेटल्यावर धावणाऱ्या माणसासाठी मराठीत किंवा गुजरातीत वेगळा शब्दच घडला नाही, कारण धावणारा म्हणजे अख्खं गाव.

१ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात गेलं आणि त्या राज्याचे कायदे इकडे आले. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईत उभं राहिलेलं होमगार्ड आलं, १९५१ च्या पोलीस कायद्याच्या छत्राखालचं ग्रामरक्षक दल आलं. ही दोन्ही स्वयंसेवी दलं खरी, पण त्यांचा कणा पोलिसी: गस्त, बंदोबस्त, निवडणूक. १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत कायद्यात पंचायतीच्या कामांची जी लांबलचक यादी आहे, तिच्यात गावाच्या संरक्षणाखाली आगीचा उल्लेख सापडतो: आग विझवण्यास साहाय्य करणे. साहाय्य कुणाला, याचा खुलासा नाही. विझवणारा मुख्य माणूस दुसराच कुणीतरी आहे असं गृहीत धरलं होतं, आणि तो गावात नव्हता.

पूर्वेकडचा छोटाउदेपूरचा जंगलपट्टा २०१३ पर्यंत याच जिल्ह्यात होता. तिथे तर मदत ही सक्ती आहे. १९२७ च्या वन कायद्याचं ७९ वं कलम सांगतं की जंगलात हक्क किंवा वनोपज नेण्याची परवानगी असलेल्या माणसाने आग कळताच वर्दी द्यायची, ती विझवायला झटायचं आणि अधिकाऱ्याने बोलावलं तर हाताशी यायचं. कसूर केली तर मूळ तरतुदीप्रमाणे एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहाची फुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात, वारा फिरतो आणि डोंगर पेटतो. मग हिरव्या फांद्यांनी झोडपून ती आग आडवणारा माणूस स्वयंसेवक म्हणायचा की वेठीचा? त्याला हातमोजे मिळाले नाहीत, विमा मिळाला नाही, दंडाची तरतूद तेवढी मिळाली.

आता १९९२ कडे येतो, कारण आजच्या सगळ्या अडचणीची गाठ तिथे बसली आहे.

त्या डिसेंबरमध्ये संसदेने दोन घटनादुरुस्त्या एका पाठोपाठ मंजूर केल्या. ७३ वी पंचायतींसाठी, ७४ वी नगरपालिकांसाठी. पहिलीने अकरावं परिशिष्ट जोडलं, त्यात २९ विषय. दुसरीने बारावं जोडलं, त्यात १८. बाराव्यातला सातवा विषय आहे अग्निशमन सेवा. अकराव्यात शेती आहे, लघुसिंचन आहे, रस्ते, बाजार, ग्रंथालयंसुद्धा आहेत; आग नाही. चौदाव्या क्रमांकावर ग्रामीण विद्युतीकरण आहे आणि त्यात वीजवाटपही धरलेलं आहे. म्हणजे शेतावरून जाणाऱ्या तारा हा पंचायतीचा विषय होऊ शकतो, पण त्या तारांच्या ठिणगीने पेटलेला उभा गहू पंचायतीच्या यादीत कुठेच नाही.

या रचनेची बाजू घेणारे म्हणतात, बंब, चालक, चोवीस तासांच्या पाळ्या, पाण्याची टाकी हा खर्च एका पंचायतीला कसा पेलणार? नुसता विषय यादीत लिहून पंचायतीला अपयशी ठरवण्यापेक्षा तो राज्याकडे राहिलेला बरा. शिवाय ही परिशिष्टं म्हणजे सक्ती नव्हे. राज्याने कोणतं काम खाली द्यायचं हे राज्याने ठरवायचं. तामिळनाडू, केरळ, पश्चिम बंगाल अशा राज्यांत संपूर्ण राज्याची एकच अग्निशमन सेवा आहे, तिथे बंबाला गाव आणि शहर असा भेद मुळातच करावा लागत नाही.

हे सगळं खरं आहे. पण गुजरात आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्यं जुन्या मुंबई राज्याच्या वळणावर चालली, आणि त्या वळणात बंब नगरपालिकेचा. इथे बाराव्या परिशिष्टाने नवं काही दिलं नाही, जुन्या सवयीला घटनेचा आधार दिला. डभोई, पादरा, करजण, सावली इथे नगरपालिका आहेत, म्हणून तिथे बंब उभा करण्याला जागा आहे. त्यांच्या भोवतीच्या शेकडो गावांसाठी तो बंब हद्दीबाहेरचा, म्हणजे उपकाराचा. खर्चाचा मुद्दाही मला अर्धाच वाटतो. पंचायतीला पन्नास लाखांचा बंब नको होता. ट्रॅक्टरमागचा पाण्याचा टँकर, त्यावर बसवलेला पंप, नळीची दोन भेंडोळी आणि शिकवलेली वीस माणसं एवढं पुरलं असतं. पण विषयच यादीत नसेल तर त्यासाठीचा पैसा कोणत्या शीर्षाखाली मागायचा? तलाठ्यापासून जिल्ह्यापर्यंत कुणाच्याही फायलीत ते शीर्ष नाही.

पुढची तीस वर्षं याच रेषेवरून गेली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने राज्य खडबडून जागं झालं. २००३ मध्ये गुजरातने स्वतःचा आपत्ती कायदा केला, केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधी. २००७ पासून १०८ ची रुग्णवाहिका आली आणि गावकऱ्याला पहिल्यांदा असा नंबर मिळाला जो हद्द विचारत नाही. तीच गोष्ट बंबाच्या बाबतीत घडली नाही. २०१३ चा राज्याचा अग्निसुरक्षा कायदा आला तो मुख्यतः इमारतींचा. मे २०१९ मध्ये सुरतेत शिकवणीच्या वर्गात २२ मुलं गेली, मे २०२४ मध्ये राजकोटच्या खेळघराला, म्हणजे गेम झोनला, आग लागली, आणि दर वेळी लक्ष पुन्हा जिने, दरवाजे, परवाने यांच्याकडे वळलं. वळायलाच हवं होतं. पण शेतातल्या आगीला बळी एकेकटे असतात, म्हातारा शेतकरी किंवा गोठ्यातली जनावरं, आणि त्यांच्यावर चौकशी बसत नाही.

कोयलीची रिफायनरी १९६५ ची. तिच्यापाठोपाठ नंदेसरीपर्यंत रसायनांचा पट्टा वाढला, कारखान्यांनी स्वतःचे बंब ठेवले, आणि १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनी जिल्ह्यापासून स्थानिक पातळीपर्यंत संकटगट ठेवायला लावले. त्यामुळे चमत्कारिक स्थिती आहे: कारखान्याच्या कुंपणालगतच्या गावाला चांगला फोम-बंब जवळ आहे, आणि महीकाठच्या किंवा नर्मदाकाठच्या गावाला काहीच नाही.

२०१६ मध्ये 'आपदा मित्र' योजना आली. आधी ३० पूरप्रवण जिल्हे, प्रत्येकी दोनशे, असे सहा हजार स्वयंसेवक. नंतर ३५० जिल्हे आणि एक लाख. प्रशिक्षण, साहित्याची पिशवी, विमा हे सगळं एकत्र मिळालं, आणि मदत करणाऱ्याला पहिल्यांदा काही हक्काचं मिळालं. मी या योजनेला मनापासून मानतो. पण तिचे जिल्हे निवडले ते पूर, दरड, चक्रीवादळ आणि भूकंप या धोक्यांवर. आग त्यात नाही. नागरी संरक्षण दलाच्या स्वयंसेवकांत अग्निशमनाची शाखा आहे, पण ते दल १९६२ पासून शहरांच्या भोवती बांधलेलं. मे २०२५ च्या देशव्यापी सरावात बडोदंही होतं, तरी त्याचा सायरन शिनोरच्या शेतात ऐकू येत नाही.

याला दुसरी वाट आहे. ऑस्ट्रेलियात बेरिगन गावाने १८९६ मध्ये वणवा विझवणारं पथक बांधलं. व्हिक्टोरियात जानेवारी १९३९ च्या वणव्यांत ७१ माणसं गेल्यावर चौकशी झाली आणि १९४५ मध्ये गावोगावची स्वयंसेवी पथकं एका कायदेशीर सेवेत आली. तिथे बिनपगारी माणूस 'मदत' करत नाही, तीच सेवा असते. एवढं लांब जायचं नसेल तर केरळ आहे. २०१८ च्या महापुरात मच्छीमारांनी आपल्या होड्या काढल्या, आणि त्यानंतर त्या राज्याने प्रत्येक अग्निशमन केंद्राला पन्नास स्वयंसेवक जोडायचं ठरवलं. त्या केंद्राचा अधिकारी त्यांना ओळखतो, आणि वर्दी आल्यावर कुणाला आधी फोन करायचा हे त्याला माहीत असतं.

जुलै २०२३ मध्ये केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवा वाढवण्यासाठी पाच हजार कोटींची योजना जाहीर केली. हा पैसा राज्यांकडे जातो, परिशिष्टांच्या वाटणीत अडकत नाही. त्यातून नवी केंद्रं उभी राहतील. त्या केंद्राच्या नोंदवहीत आसपासच्या गावांतल्या वीस-वीस माणसांची नावं, त्यांच्या टँकरचे नंबर आणि विम्याचा कागद असेल की नाही, हे राज्याच्या एका शासन निर्णयात ठरू शकतं. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही.