नागपुरात दगडात शंख सापडतात, पण समुद्राचे नाही

नागपूरकडे कोणाला दगडात शंख सापडला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "म्हणजे इथं आधी समुद्र होता!" व्हॉट्सॲपवर गेलं की तेच थेट प्रलयापर्यंत पोचतं. आता समृद्धीने सुसाट गेलं तरी मुंबईचा समुद्र इथून ७०० किलोमीटर, आणि आपल्याकडच्या दगडातले शंख जवळपास सगळेच गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे, तळ्यातल्या. मला विचाराल तर ही गोष्ट समुद्रापेक्षा भारी आहे.

झालं असं की साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहत होता, पण सलग नाही, एक लोट यायचा, थंड व्हायचा, मग बराच काळ सगळं शांत, तेवढ्यात खोलगट जागी पाणी साचून तळी व्हायची, त्यात वनस्पती, मासे, गोगलगायी असा सगळा संसार थाटला जायचा आणि मग पुढचा लोट येऊन तो झाकून टाकायचा. दोन लोटांच्या मधला हा गाळाचा थर म्हणजे इंटरट्रॅपियन. नागपूरच्या टाकळीचा थर यात नावाजलेला. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इथले जीवाश्म गोळा केले, १८६० मध्ये हिस्लॉपचा या शंख-शिंपल्यांवरचा लेख लंडनला छापून आला. हो, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाचं, तोच हा. १८६३ मध्ये बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून तो गेला.

टाकळी आता शहरातच आली, तिथं काय शोधणार. बाहेर पडायचं, काळ्या बेसॉल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या दगडाच्या, मधे पांढरट, राखाडी किंवा लालसर पट्टा दिसतो का बघायचं. रस्त्याचं कटिंग, विहीर खोदून काठावर टाकलेला मलबा, बांधावर रचलेले दगड, या खऱ्या जागा (शेतमालकाला आधी विचारा, नाहीतर "काहून बा, काय शोधता?" ठरलेलंच). हिवाळ्यात जा, मे महिन्यात नागपुरात कोणी दगड उचलत नाही.

दगड बहुतेक वेळा चर्ट असतो, म्हणजे गारगोटीच्याच कुळातला. मूळ कवच चुन्याचं, पण पाण्यात विरघळलेली सिलिका त्याच्या जागी बसत गेली, म्हणून सुरीने ओरखडा उठत नाही आणि डायल्यूट ॲसिडचा थेंब टाकला तरी फसफसत नाही. कधीकधी कवच पार विरघळून जातं आणि आत भरलेला गाळच तेवढा उरतो, साच्यातून काढलेल्या कुल्फीसारखा. अशा नमुन्यावर बाहेरची नक्षी शोधत बसू नका, ती नसतेच.

आता ओळखायचं कसं? शंखाचा शेंडा वर धरा आणि तोंड स्वतःकडे करा. तोंड उजवीकडे आलं तर उजवा, डावीकडे आलं तर डावा. बहुतेक गोगलगायी उजव्या. पण इथं हमखास भेटणारी फायसा प्रिन्सेपी ही डावी, १८४० मध्येच वर्णन झालेली, फुगीर पोटाची आणि आखूड शेंड्याची. तिच्यासोबत लिम्निया मिळते, तीही पातळ आणि लांबट तोंडाची, पण उजवी, त्यामुळे दोघींमधे गोंधळ व्हायचं कारण नाही. देवघरातला दुर्मिळ दक्षिणावर्ती शंखही या हिशोबाने डावाच निघतो, कारण आपण तो शेंडा खाली करून बघतो! फायसाचे डावे नातलग आजही जिवंत आहेत, फिश टँकच्या काचेवर चढणाऱ्या बारक्या गोगलगायी दिसल्या तर तोंड कुठल्या बाजूला ते बघा.

फसवणारे दगडही भरपूर. बेसॉल्टमधल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत अकीक भरतो आणि गोल गोल वलयं दिसतात, ते जीवाश्म नाही. दगडावर नेच्यासारखी काळी नक्षी असेल तर तो बहुतेक मँगनीज. हँडलेन्स १० एक्सचा पुरतो, हातोडी मारताना गॉगल घाला, चर्टच्या कपच्या काचेसारख्या उडतात.

आणि घरी आणलेल्या प्रत्येक तुकड्यासोबत चिठ्ठी पाहिजे, गाव, जीपीएस, थर, तारीख. चिठ्ठी नसेल तर तो शोकेसमधला दगड, बस. हाडासारखं काही दिसलं तर उकरू नका, फोटो काढा आणि सेमिनरी हिल्सला जिऑलॉजिकल सर्व्हेचं ऑफिस आहे तिथं कळवा, चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं मिळालीत, त्यामुळे अशक्य काही नाही.

समुद्रवाल्यांसाठी एक गोष्ट मात्र सांगायला हवी. छिंदवाड्याकडच्या झिलमिलीच्या इंटरट्रॅपियन थरात फोरॅमिनिफेरा हे समुद्रातले अतिसूक्ष्म जीव सापडल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणजे समुद्राची एखादी चिंचोळी शाखा या बाजूला पोचली असावी असा तर्क आहे. पण ते दिसायला मायक्रोस्कोप लागतो, हातात मावणारा शंख दाखवून ते सिद्ध होत नाही.